जिप्सीच्या टपावरचं ऊन



बंगळुरूला बदली झाली की फौजी मित्र म्हणतात, "मजा आहे बुवा तुझी." हवा खरंच छान आहे. पण माझे इथले चार रविवार एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या जिप्सीखाली आडवं पडून गेले.

साहेब सिग्नल्सचे, गाव साताऱ्याकडचं, मुलाच्या नोकरीमुळे आता इथेच स्थायिक. फौजेच्या लिलावात निघालेली जिप्सी त्यांनी घेतली. काकूंना घेऊन चिकमगळूर, सकलेशपूरच्या डोंगरात आठ-आठ दिवस राहायचं त्यांच्या मनात होतं. अडचण एकच. काकूंना रोज इन्सुलिन लागतं, आणि त्याचा साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया. म्हणून गाडीत १२ व्होल्टचा छोटा फ्रिज आणि त्यासाठी टपावर सोलर.

"इंजिन चालू ठेवून फ्रिज चालवू की," मी म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्पच बसलो. ज्या माणसाने उभी नोकरी रेडिओ सेटच्या बॅटऱ्या सांभाळल्या, त्याला हे सांगायचं? रात्री ठाण्यावर चार्जिंग सेट सुरू केला की त्याची धडधड दरीपलीकडे जाते, आणि बंद ठेवला तर पहाटे सेट मुका होतो. सिग्नल्सवाल्यांच्या पिढ्या या कात्रीत गेल्या. आवाज न करणारी वीज ही फौजेची जुनी भूक आहे.

आणि ती भूक भागवायचं सामान ज्या गावात तयार झालं, तिथेच आम्ही बसलो होतो. १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सोलर सेल जगाला दाखवला. पडलेल्या उन्हातलं जेमतेम ६ टक्के विजेत उतरायचं. त्याच वर्षी भारत सरकारने बंगळुरूच्या जलहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी केली, ती मुख्यतः सैन्याला वायरलेस आणि इलेक्ट्रॉनिक सामान पुरवायला. दोन्ही गोष्टी एकाच साली घडणं हा निव्वळ योगायोग, पण आम्हा फौजींना असले योगायोग आवडतात.

सोलरला पहिलं मोठं काम मिळालं ते आकाशात. १९५८ च्या मार्चमध्ये अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ वर गेला. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक साध्या बॅटरीवर आणि एक सोलरवर. बॅटरीचा जूनपर्यंत टिकला. सोलरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट इथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तयार झाला. यू. आर. राव यांच्या हाताखालची तरुण पोरं, त्यातल्या बहुतेकांनी उपग्रह कधी जवळून पाहिलेला नव्हता. २६ बाजूंचा तो गोळा, त्यातल्या २४ बाजूंवर सोलर सेल. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रॉकेटने तो वर गेला. चार-पाच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्यावरचे वैज्ञानिक प्रयोग बंद पडले. ऊन होतं, सेलही होते. अडलं ते पुढच्या वाटेवर. तरी उपग्रह बांधायचा कसा आणि सांभाळायचा कसा, हे त्या पोरांना त्यातूनच कळलं. पीण्यावरून जाताना मला ते शेड नेहमी आठवतं. आपल्याकडे यशाच्या तारखा पाठ करतात. त्या पाचव्या दिवशी ती पोरं काय करत होती, हे मला जास्त वाचायला आवडेल.

पुढे सोलर जमिनीवर आलं. १९८९ मध्ये टाटा बीपी सोलर इथे सुरू झाली, १९९५ मध्ये सेल्को. हरीश हांडे यांची सेल्को खेड्यातल्या घरांत दिवे लावत गेली, आणि त्या कामासाठी २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गाडीच्या टपावर पॅनेल टाकून लांब जाण्याचं वेड मात्र ऑस्ट्रेलियातलं. १९८२ च्या डिसेंबरात हान्स थोलस्ट्रुप आणि लॅरी पर्किन्स पर्थहून निघाले आणि फक्त उन्हावर सुमारे ४,००० किलोमीटर चालवून २० दिवसांत सिडनीला पोचले. आपल्याकडे २०१५ मध्ये बंगळुरूच्याच सय्यद सज्जन अहमद यांनी साठी उलटल्यावर घरी बनवलेली सोलर गाडी दिल्लीपर्यंत नेली. पॅनेल १०० वॅटचे, फक्त पाच. दुसऱ्या वर्षी नवीन राबेली 'तेजस' नावाची सोलर रिक्षा घेऊन इथूनच निघाले आणि सप्टेंबरात इंग्लंडला पोचले. रिक्षा मुळात पियाजिओची. या कंपनीचा आपल्याकडचा कारखाना बारामतीला, त्यामुळे साहेब ही गोष्ट सांगताना थोडे ताठ बसतात.

आता आमची जिप्सी. टप कापडी, म्हणून आधी लोखंडी कॅरियर करून घेतला आणि त्यावर १०० वॅटचे दोन पॅनेल शेजारी-शेजारी बसवले. बंगळुरू १३ अक्षांशावर, म्हणून आडवे ठेवले तरी फार नुकसान नाही. एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यावर दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. फ्रिजसाठी वेगळी १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, म्हणजे सकाळी स्टार्टर रडायला नको. सामान एस. पी. रोडवरून आणलं.

चूक माझी झाली. कंट्रोलर मागे टपाजवळ लावला आणि तिथून पुढच्या बॅटरीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली, कारण ती घरात पडून होती. जाऊन-येऊन आठ मीटर, करंट ११ अँपिअर. एवढ्यात एक व्होल्ट वाटेतच मरतो. कंट्रोलरला वाटतं १४.४ व्होल्ट झाले, बॅटरीपर्यंत पोचतात १३.४. दिवसभर ऊन खाऊन बॅटरी संध्याकाळी अर्धपोटी. वर ज्या पत्र्याच्या भोकातून वायर आत घेतली, तिथे रबरी ग्रॉमेट लावलं नव्हतं.

पहिल्याच फेरीत, कनकपुऱ्यापुढच्या दगडी वाटेवर, पत्र्याने वायरचं साल सोललं. बॅटरीला लागून फ्यूज होता म्हणून तोच गेला. नसता तर वायर लाल झाली असती आणि वर कापडी टप. फ्रिज बंद. काकूंनी काही न बोलता इन्सुलिन ओल्या पंचात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवलं, आणि आम्ही रात्रीच परत फिरलो. वाटेत साहेब एकच वाक्य बोलले, "ठाण्यावर असतास तर चार्जशीट दिली असती."

पुढच्या रविवारी सगळं उपसलं. कंट्रोलर बॅटरीशेजारी आणला. वायर सहा चौरस मिलिमीटरची टाकली, आता पाव व्होल्टच जातो. प्रत्येक भोकाला ग्रॉमेट, वायरवर जाळीदार नळी, दर वीतभर अंतरावर क्लिप, आणि फ्यूज दोन्ही टोकांना. साहेबांनी प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिला, दोनदा.

काल संध्याकाळी सकलेशपूरहून त्यांचा फोन आला. तिसरा दिवस, फ्रिज ५ अंशांवर, बॅटरी १२.७. दुपारी ढग होते तरी. मागून काकूंचा आवाज येत होता, यावर मिक्सर चालेल का म्हणून.