पळसाची लाख आणि हरवलेले आवाज

संगीताच्या इतिहासावर बोलायचं आहे, पण सुरुवात मी पळसापासून करतो. महागावच्या लोकांना पळस दाखवावा लागत नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीक किडा पोसतो आणि फांदीवर लाख तयार करतो. ही लाख शुद्ध करून तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळायची, गरम असताना दाबायची, की ग्रामोफोनची जुनी तबकडी तयार. मिनिटाला ७८ फेरे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटं वाजायची. हातातून पडली की तुकडे.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला. त्याने गौहर जान आणि इतरांची गाणी मुद्रित केली. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोवरला. त्या काळच्या कित्येक तबकड्यांत गाणं संपताच गाणारा स्वतःचं नाव सांगतो. परक्या देशातल्या कारागिराला आवाज कुणाचा हे कळायला त्याचा उपयोग व्हायचा. हे नाव सांगणं लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता एक प्रश्न. अल्लादियाखाँसाहेबांचं मुद्रण आपल्यापाशी नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. तरी ते थोर होते हे आपण मानतो, कारण शिष्यांनी सांगितलं, लोकांनी लिहून ठेवलं. पण ज्याला शिष्य नाहीत, ज्याच्याबद्दल कुणी लिहिलं नाही, अशा गाणाऱ्याचं काय? तो झालाच नाही म्हणायचं का?

कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानलं आहे. वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही असं कळतं. पण याला एक अट आहे. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावा, मग बोला. आपल्या संगीताच्या इतिहासात पुष्कळ निवाडे अंधारातच दिले गेलेत, बरं का!

दिवा लावणारे कोण, तर हौशी लोक. एक उदाहरण देतो. १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत मुंबईत ‘यंग इंडिया’ नावाच्या तबकड्या निघत. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीचा कारखाना वडाळ्याला होता. नामवंत गायक बहुधा मोठ्या कंपन्यांशी आधीच करारानं बांधलेले, म्हणून इथे नवख्यांना, हौशी कलावंतांना संधी मिळाली. कंपनी बंद पडली आणि ही नावं विस्मरणात गेली. पुढे १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. ही संग्राहक मंडळी एकत्र जमत, आपापल्या तबकड्या एकमेकांना ऐकवत, चर्चा करत. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिकही त्यांनी काढलं. या संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी संग्राहकांकडच्या ‘यंग इंडिया’ तबकड्या डिजिटल रूपात जतन करण्याचं काम केलं. त्याला ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेची मदत मिळाली. म्हणजे कंपनी गेली, पण आवाज उरले ते लोकांच्या कपाटांत.

मी स्वतः मात्र दिवा विझवणाऱ्यांपैकी. आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. त्याला वीज लागत नसे. वडील पाहुण्यांना एक तबकडी लावून विचारायचे, “सांगा बरं, कोण गातंय?” कुणालाच सांगता यायचं नाही, आणि त्यांना भारी आनंद व्हायचा. वडील गेल्यावर घर बदलताना ती पेटी मी भंगारवाल्याला वजनावर दिली. बऱ्याच वर्षांनी एका संग्राहकाजवळ त्या गाण्याचा विषय काढला. त्याने एवढंच विचारलं, “नंबर काय होता?” मला नंबर आठवेना, नावही आठवेना. चाल तेवढी आठवत होती. ती मी गुणगुणलो, पण माझ्या गळ्यातून त्याला काय कळणार!

तबकड्या आता थोड्याच घरांत असतील. पण ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गावोगावी टेपरेकॉर्डर पोचले. भजनं, कीर्तनं, भीमगीतं, तांड्यावरच्या बंजारा बायांची लग्नातली गाणी लोकांनी स्वतः टेप केली. या आवाजांची दुसरी प्रत कुठल्याच कंपनीकडे नाही. ती असलीच तर तुमच्या माळ्यावरच्या डब्यात. कॅसेटची फीत ओल आणि उष्णतेनं खराब होते, त्यामुळे वेळ थोडा आहे.

तेव्हा घरी गेल्यावर तो डबा काढा. तबकडी असेल तर लेबलावरचं नाव आणि नंबर वहीत उतरवा, फोटो काढा. कॅसेट असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून ऐका आणि विचारा, हा आवाज कुणाचा, गाव कोणतं, साल कोणतं. आणि मग शेजाऱ्याला ऐकवा. कपाटात एकट्यानं जपलेला आवाज माझ्यासारख्या एका मुलामुळे संपतो. चार घरांत पोचलेला सहसा संपत नाही.

१९०२ मध्ये गाणारे स्वतःचं नाव स्वतः सांगत होते. तांड्यावरच्या त्या बाईनं टेपवर नाव सांगितलेलं नाही. ते आता आपल्याला सांगावं लागेल.