पाऱ्यापासून थायझाइडपर्यंत : मूत्रल औषधांच्या इतिहासाचा एक मागोवा

हृदय दुर्बळ झाले म्हणजे पायांवर सूज चढते, पोटात पाणी होते आणि रुग्णास आडवे होऊन झोपणेही अशक्य होते. एकोणिसाव्या शतकात अशा रुग्णाच्या पायाच्या त्वचेत बारीक नळ्या खुपसून पाणी काढीत. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये डिजिटॅलिस वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. परंतु तिचा मुख्य परिणाम हृदयावर होतो, मूत्रपिंडावर नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले.

मूत्रपिंडावर प्रत्यक्ष कार्य करणारे पहिले प्रभावी औषध योगायोगाने सापडले. ऑक्टोबर १९१९ मध्ये व्हिएन्ना येथे वेंकेबाख यांच्या चिकित्सालयात आल्फ्रेड फोग्ल हा तृतीय वर्षाचा विद्यार्थी काम करीत होता. उपदंशाच्या एका रुग्णेसाठी त्याने पाऱ्याच्या सॅलिसिलेटचे पाण्यातील द्रावण मागविले. ते क्षार पाण्यात विरघळतच नाहीत. तेव्हा एका सहकाऱ्याने त्यास नोव्हासुरोल हे पाऱ्याचे नवे इंजेक्शन दिले. परिचारिकांनी लघवीच्या मापाचा तक्ता काटेकोरपणे ठेवला होता, म्हणूनच इंजेक्शनानंतर ते माप एकाएकी वाढल्याचे ध्यानात आले. तक्ता नसता तर ही घटना बहुधा विस्मरणात गेली असती. १९२० मध्ये साक्सल व हायलिग यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यानंतर सुमारे तीन दशके पाऱ्याच्या संयुगांवरच भिस्त राहिली. ती इंजेक्शनानेच द्यावी लागत, मूत्रपिंडास अपाय करीत आणि क्वचित शिरेतून देताना रुग्ण दगावतही असे.

पुढील वाटचाल एका दुष्परिणामातून झाली. सल्फानिलामाइड घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात आम्लता वाढते, असे १९३७ मध्ये नोंदले गेले. हे औषध कार्बोनिक अनहायड्रेज या विकराचे कार्य रोखते व त्यामुळे बायकार्बोनेट लघवीवाटे जाते, हा उलगडा नंतर झाला. बॉस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी १९४९ मध्ये हृदयविकाराच्या तीन रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिले. सोडियम व पाणी बाहेर पडले, परंतु विषारीपणामुळे उपचार चालू ठेवता आला नाही. त्यातून निघालेले ॲसिटाझोलामाइड सौम्य होते. मात्र रक्त आम्लधर्मी होताच त्याचा प्रभाव ओसरे.

अमेरिकेतील मर्क शार्प अँड डोम या कंपनीत कार्ल बायर यांनी उद्दिष्टच बदलले. बायकार्बोनेटऐवजी क्लोराइडसह सोडियम बाहेर काढणारे संयुग त्यांना हवे होते. नोव्हेलो व स्प्रेग यांनी घडविलेले क्लोरोथायझाइड १९५७ मध्ये जाहीर झाले. ते तोंडाने घेता येई, हे रुग्णाच्या दृष्टीने लहानसे सुख नव्हते. बायर, स्प्रेग, नोव्हेलो व बेअर यांना १९७५ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. या औषधाने उच्च रक्तदाबही उतरतो, हे एडवर्ड फ्राइस यांनी दाखविले. १९६७ मध्ये त्यांच्या १४३ पुरुष रुग्णांच्या अभ्यासात थायझाइडसह केलेल्या उपचाराने गंभीर उपद्रव स्पष्टपणे घटले.

थायझाइड मूत्रनलिकेच्या दूरच्या भागात कार्य करते. तेथे गाळलेल्या सोडियमचा अल्पांशच परत शोषला जातो. १९६० च्या दशकातील फ्युरोसेमाइड हेन्लेच्या वळशातील चढत्या भागावर परिणाम करते व तेथे सुमारे चतुर्थांश सोडियम शोषले जाते, यावरून त्याचा जोर कळतो. मात्र पुढील नलिकेत अधिक सोडियम पोहोचले की त्याच्या बदल्यात पोटॅशियम गमावले जाते. पोटॅशियम घटलेल्या रुग्णास डिजिटॅलिसही चालू असेल, तर हृदयाची लय बिघडून जीवावर बेतते. म्हणजे विदरिंगचे औषध आणि त्याचे आधुनिक जोडीदार यांना एकत्र देताना रक्ततपासणी अनिवार्य ठरते.

पोटॅशियम राखणारे स्पायरोनोलॅक्टोन हाही निर्धोक उपाय नव्हे. १९९९ च्या अभ्यासात त्याने गंभीर हृदयविकारातील मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला आणि वैद्य ते सर्रास लिहू लागले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात अशा हृदयरुग्णांमध्ये पोटॅशियम वाढल्याने होणारे रुग्णालयप्रवेश १९९४ मधील दर हजारी २.४ वरून २००१ मध्ये ११ वर गेले. अभ्यासातील रुग्णांचे रक्त वारंवार तपासले जात होते. बाहेरच्या रुग्णांचे तसे होत नव्हते.