निरोप पोहोचवणारी माणसे

नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की कुणाला चांदबीबी आठवते, कुणाला नेहरू. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला मौलाना आझाद आठवतात. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अटक झाली आणि त्यांना या किल्ल्यात आणून ठेवले. नेते कुठे आहेत हे सरकारने जाहीर केले नाही. सुरुवातीचे काही आठवडे आत वर्तमानपत्रही येत नव्हते. मौलाना आझाद इथे नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहीत राहिले, पण ती टपालात पडलीच नाहीत. पुढे 1946 मध्ये त्यांचे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. त्यावर बोलताना एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, पत्र जाणारच नव्हते, तर लिहिले कशाला?"

या प्रश्नाला जोडून मी मुलांना त्याच महिन्यांतली दुसरी गोष्ट सांगतो. नेते आत होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, आणि बाहेरच्या माणसाला देशात काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हा मुंबईत 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ केंद्र उभारले. त्याचे नाव काँग्रेस रेडिओ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते त्याच्या पाठीशी होते. अच्युतरावांचा जन्म नगरचाच, 1905 चा. म्हणजे नेते नगरच्या किल्ल्यात कोंडलेले आणि नगरचा एक मुलगा बाहेर त्यांचा लढा लोकांच्या कानापर्यंत नेणारा.

पण नेत्यांकडे शब्द असले तरी ते हवेत सोडायचे कसे? इथे हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो त्यांचा, संबंध येतो. पगारासाठी नव्हे, तर आवडीपोटी स्वतःचा ट्रान्समीटर जोडून दूरच्या अनोळखी माणसाशी बोलणारे हे लोक. भारतात 1921 मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना पहिला परवाना मिळाला. 1930 च्या दशकातही देशभर परवानाधारक पन्नासच्या आतच होते आणि त्यांत इंग्रज अधिकारीच जास्त. 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने नवे परवाने बंद केले. ज्यांच्याकडे यंत्रे होती त्यांना ती पोलिसांत जमा करण्याचे हुकूम गेले. यंत्रे जमा करता आली, पण डोक्यातली विद्या कशी जमा करणार? नरिमन प्रिंटर आणि बॉब तन्ना हे मुंबईचे दोन हॅम काँग्रेस रेडिओच्या कामी आले.

केंद्र स्वतःची ओळख 42.34 मीटर अशी सांगे, ठिकाण मात्र 'भारतात कुठेतरी' एवढेच. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार या बातम्या त्यावरून गेल्या. हिंदुस्थानीतून बोलणाऱ्यांत मोईनुद्दीन हॅरिस होते, इंग्रजीतून बोलणाऱ्यांत कूमी दस्तूर. हिंदू, पारशी, मुसलमान असे सगळे आवाज एकाच लहरीवर होते. पोलीस माग काढत राहिले, हे लोक जागा बदलत राहिले. अखेर केंद्राशी संबंधित एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवले आणि 12 नोव्हेंबर 1942 ला धाड पडली. केंद्र जेमतेम तीन महिने चालले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

आता थोडा हिशेब करू. 42.34 मीटर म्हणजे साधारण 7.08 मेगाहर्ट्झ. हॅम लोकांच्या भाषेत हा '40 मीटर बँड'. भारतातले हॅम आजही रोज याच पट्ट्यात बोलतात आणि संकट आले की इथेच एकमेकांना शोधतात. या लहरी आकाशात 100 किलोमीटरच्या वरच्या थरांवर आदळून परत जमिनीवर येतात. त्यामुळे मध्ये डोंगर असला तरी शेकडो किलोमीटर पलीकडे बोलता येते. त्यासाठी टॉवर लागत नाही, केबल लागत नाही. दोन झाडांमध्ये बांधलेली सुमारे 20 मीटर तार, एक यंत्र आणि मोटारीची बॅटरी एवढ्यावर काम भागते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा हॅम लोकांनी निरोपांची साखळी उभी केली. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये पुन्हा तेच झाले. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद या हॅम हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या पथकाबरोबर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायचे, एवढाच बेत होता. 26 डिसेंबरला त्सुनामी आली. त्यांनी ते बोलणे थांबवले आणि बेटांवर अडकलेल्यांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेचेही निरोप त्यांच्या यंत्रावरून गेले. ज्या विद्येची 1939 च्या सरकारला भीती वाटली, तिचाच आधार स्वतंत्र भारताच्या सरकारला घ्यावा लागला.

या कामाची शिस्त मला फार मोलाची वाटते. संकटाच्या वेळी एक जण सूत्रे हाती घेतो, बाकीचे गप्प बसून ऐकतात. आलेला निरोप कागदावर उतरवायचा, परत वाचून दाखवायचा, मगच पुढे पाठवायचा. एक शब्द आपल्या पदरचा घालायचा नाही. आपल्याकडे याला अमानत म्हणतात. आणि प्रत्येक हॅमने बोलताना सरकारने दिलेले आपले सांकेतिक नाव सांगायचेच. काँग्रेस रेडिओला परकीय सत्तेपुढे स्वतःला लपवणे भाग होते. परवानाधारक हॅमला मात्र मी कोण, हे सांगितल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

आता आपल्या हातातला मोबाईल पाहा. शहरात जरा काही झाले की निनावी मेसेज फिरू लागतात. कुणी लिहिले, कुणी पाहिले, काही ठाऊक नाही. अफवेची पहिली झळ कोणत्या मोहल्ल्याला बसते, हे मी सांगायला नको. मग इंटरनेट बंद होते आणि खरी खबरही अडकते. सगळ्या दंगलींवर रेडिओ हा इलाज आहे असे मी म्हणत नाही. एरवी या लहरींवर धंदा किंवा राजकारण करायला परवानगीही नसते. पण नाव सांगून बोलणारी, ऐकून घेणारी आणि ऐकले तेवढेच पुढे देणारी दहा माणसे प्रत्येक वस्तीत असतील, तर पुरात, भूकंपात आणि तणावातही ती उपयोगी पडतील.

गोदावरी-प्रवरेच्या काठची आपली गावे पुराला सरावलेली आहेत. अकोल्याच्या डोंगरात फोनची रेंज आजही दगा देते. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा असते. वयाची अट 12 वर्षांची. सुरुवातीच्या श्रेणीला मोर्स यावे लागत नाही, विजेची प्राथमिक माहिती आणि नियम आले तरी चालते. आपल्या मदरशांतली, उर्दू आणि मराठी शाळांतली मुले-मुली हे सहज करू शकतील. शिक्षकांनी एवढेच करावे, विज्ञानाच्या तासाला एकदा हा विषय काढावा.

मुलाच्या त्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देतो. मौलानांनी लिहिले, कारण वाट बंद असली तरी सांगायचे थांबवायचे नसते. वाट उघडणे हे मात्र बाहेरच्यांचे काम, आणि ते संकट येण्याआधी शिकून ठेवावे लागते.