आबालाल रहिमान आणि कोल्हापूरचा प्रकाश

आबालाल रहिमान मुंबईची कलाशाळा सोडून कोल्हापुरास परतले, ही कलेची हानी समजण्याचा मोह होतो. त्यांची चित्रे मात्र उलट साक्ष देतात. सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षण ब्रिटिश अकादमीच्या वळणाचे होते : रेखांकन काटेकोर, छायाप्रकाश नियमबद्ध. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारी कामे त्यांनी केलीच. पण त्यांचे खरे कर्तृत्व निसर्गचित्रांत आढळते. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ हाच परिसर त्यांनी पुनःपुन्हा रंगविला. स्थळ तेच, प्रहर निराळा. बाह्यरेषा विरत जाते आणि रंगांच्या बारीक ठिपक्यांतून पाणी व झाडी उभी राहते. पॅरिसमध्ये १८७४ साली दृक्‌प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन भरले होते. त्या शैलीशी दिसणाऱ्या साम्यावरून आबालालांनाही तेच नाव दिले जाते. परंतु साम्यावरून उगम एक ठरत नाही. वर्षानुवर्षे एकाच तळ्याकाठी बसणाऱ्या डोळ्याला हा धडा पाण्यानेही दिला असेल, आणि विलायती नामाभिधानाने तेवढी शक्यता झाकली जाते. १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले, १९३१ मध्ये आबालाल. त्यांच्याविषयीचा आदर पुढे बाबूराव पेंटरांच्या पिढीने जपला.