क्रियात्मक गटांचे ऑक्सिडीकरण व क्षपण

कार्बनी संयुगाचे रासायनिक वर्तन रेणूतील ज्या अणुगटावर अवलंबून असते, त्यास क्रियात्मक गट म्हणतात. अशा गटातील कार्बनचे ऑक्सिजनशी असलेले बंध वाढले किंवा हायड्रोजनशी असलेले बंध घटले, की ऑक्सिडीकरण झाले असे मानतात. याउलट घडल्यास ते क्षपण होय. या क्रिया जोडीनेच घडतात. एक पदार्थ इलेक्ट्रॉन गमावतो, तेव्हा दुसरा ते स्वीकारतो.

पायऱ्या व अभिकारके : प्राथमिक अल्कोहोलपासून अल्डिहाइड व पुढे कार्बोक्सिलिक आम्ल बनते. इथेनॉल, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲसेटिक आम्ल या साखळीत क्रियात्मक गटातील कार्बनचा ऑक्सिडीकरण अंक अनुक्रमे –१, +१ व +३ असा चढत जातो. द्वितीयक अल्कोहोल कीटोनपाशी थांबते. तृतीयक अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिल गटाच्या कार्बनवर हायड्रोजन नसल्याने त्याचे ऑक्सिडीकरण सहजी होत नाही. अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट इथेनॉलला थेट आम्लापर्यंत नेते. पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट वापरल्यास क्रिया अल्डिहाइडवर थांबवता येते. क्षपणासाठी सोडियम बोरोहायड्राइड अल्डिहाइड व कीटोनांसाठी पुरते, तर आम्ले व एस्टरे यांच्यासाठी लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडसारखे प्रबळ अभिकारक लागते. नायट्रो गटाचे अमाइन गटात रूपांतर करण्यासाठी लोखंड अथवा कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात.

कोल्हापुरी गुळातील उदाहरण : छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवल्यानंतर कोल्हापूर गुळाच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उसाच्या रसातील मुख्य शर्करा सुक्रोज ही क्षपणकारक नाही, कारण तिच्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोजचे संबंधित कार्बन परस्परांतील बंधात अडकलेले असतात. रस आम्लधर्मी असल्याने तापवताना सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज मोकळे होतात. फेलिंग द्रावणातील तांब्याचे ते क्षपण करतात आणि विटकरी रंगाचा क्युप्रस ऑक्साइडचा साका बसतो. ग्लुकोजच्या अल्डिहाइड गटाचे या क्रियेत ऑक्सिडीकरण होते. फ्रुक्टोजमध्ये कीटोन गट असला तरी अल्कधर्मी द्रावणात त्याचे समघटकी रूपांतर होत असल्याने तोही ही परीक्षा देतो. क्षपणकारक शर्करांचे प्रमाण वाढले, की गूळ हवेतील ओलावा ओढतो आणि रव्याला (ढेपेला) पाणी सुटते. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो, ती आम्लता कमी करून हे विघटन रोखण्यासाठी.

गुळाच्या रंगामागेही याच अभिक्रिया असतात. ऊस चरकात पिळला गेला, की पेशींमधील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेच्या संपर्कात येते. ते फिनॉलांच्या हायड्रॉक्सिल गटांचे ऑक्सिडीकरण करून क्विनोने बनवते आणि ती एकमेकांना जोडली जाऊन तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. रस फार वेळ तसाच ठेवल्यास तो काळपट पडतो, तो यामुळे. रंगाचा काही भाग मात्र उकळताना शर्करा व अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून येतो.

पिवळाधमक गूळ मिळवण्यासाठी काही गुऱ्हाळांत ‘हायड्रॉस’ टाकतात. हे सोडियम डायथायोनाइट असून प्रबळ क्षपणकारक आहे. क्विनोनांतील कार्बोनिल गटांचे क्षपण होऊन ती पुन्हा फिनॉले बनतात व रंग फिका होतो. हा बदल टिकाऊ नसतो. साठवणीत हवेने पुन्हा ऑक्सिडीकरण होते आणि गूळ काळवंडतो. शिवाय गुळात गंधकयुक्त संयुगांचे अंश राहतात. रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून काढणे, हा रस स्वच्छ करण्याचा जुना मार्ग आहे.

किण्वन : साखरेच्या मळीपासून (मोलॅसिसपासून) मद्यार्क बनवताना यीस्टच्या पेशीत पायरुव्हिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून ॲसिटाल्डिहाइड बनते व त्याचे क्षपण होऊन इथेनॉल तयार होते. ॲसिटोबॅक्टर हे जिवाणू हवेच्या सान्निध्यात त्याच इथेनॉलचे ऑक्सिडीकरण करून ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आंबट घटक, बनवतात.

गुळाचा फिका रंग एवढेच सांगतो, की त्यातील रंगद्रव्ये कमी आहेत किंवा त्यांचे क्षपण झाले आहे. त्यावरून गुळाची शुद्धता ठरवता येत नाही.