सरावातला अर्जुन मैदानात का चुकतो?

रामटेक : गोल्फ खेळणाऱ्या कोणालाही विचारा, एक तक्रार हमखास ऐकू येते. सरावाच्या पट्ट्यावर, म्हणजे 'ड्रायव्हिंग रेंज'वर, चेंडू सुतासारखा सरळ जातो. त्याच दिवशी, त्याच हातांनी आणि त्याच क्लबने प्रत्यक्ष मैदानात मारलेला चेंडू मात्र झाडीत, वाळूत, नाही तर पाण्यात जाऊन पडतो. ही व्यथा केवळ गोल्फपटूंची नाही. जाळीत तासभर खणखणीत फटके मारणारा फलंदाज सामन्यात पहिल्या दहा चेंडूंत तंबूत परततो. घरी प्रश्नपत्रिका वेळेत सोडविणारा विद्यार्थी परीक्षागृहात अडखळतो. 'ऐनवेळी कच खाल्ली' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. गेल्या चार-साडेचार दशकांतील संशोधन मात्र वेगळे सांगते. दोष दर वेळी धैर्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो सरावाच्या पद्धतीत आणि सराव मोजण्याच्या आपल्या रीतीत असतो.

हा प्रश्न गोल्फपेक्षा फार जुना आहे. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेली रामटेकची टेकडी म्हणजेच 'मेघदूता'तील रामगिरी, अशी मान्यता आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे मत साधार मांडले. टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे आणि त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून रामटेकला उभे आहे. याच कालिदासाने 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधाराकडून एक प्रांजळ कबुली वदविली आहे. जाणकार प्रेक्षकांचे समाधान होईपर्यंत आपले प्रयोगकौशल्य खरे मानता येत नाही; कितीही पक्की तयारी असली तरी मन स्वतःबद्दल साशंकच राहते, असा तिचा आशय आहे. तालीम आणि प्रयोग यांच्यातील अंतर रंगभूमीवरच्या माणसाने दीड हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याची कारणे शोधण्याचे काम आधुनिक मानसशास्त्राने केले.

पट्टा वेगळा, मैदान वेगळे

सर्वांत साधे कारण डोळ्यांसमोरच असते. सरावाच्या पट्ट्यावर चेंडू सपाट, कृत्रिम गवताच्या चटईवर ठेवलेला असतो. क्लब चेंडूच्या किंचित मागे टेकला, तरी चटईवरून तो पुढे सरकतो आणि फटका बरा लागल्याचा भास होतो. खऱ्या गवतावर हीच चूक केली तर क्लब मातीत रुततो आणि चेंडू हाकेच्या अंतरावर पडतो. म्हणजे चटई चुका झाकते.

दुसरी गोष्ट लक्ष्याची. पट्ट्यासमोर विस्तीर्ण मोकळे रान असते. चेंडू वीस मीटर डावीकडे गेला काय किंवा उजवीकडे गेला काय, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. मैदानावर त्याच वीस मीटरवर झाडे उभी असतात. शिवाय तेथे जमीन सपाट नसते. कधी चेंडू पायांपेक्षा उंचावर, कधी खाली, कधी उंच गवतात, कधी वाळूत. वारा प्रत्येक वळणावर दिशा बदलतो. प्रत्येक फटक्यापूर्वी अंतर जोखायचे, क्लब निवडायचा आणि धोका पत्करायचा की नाही हे ठरवायचे. पट्ट्यावर यांपैकी एकही निर्णय घ्यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. पट्ट्यावर अर्ध्या तासात पन्नास-साठ चेंडू मारून होतात. एक चुकला की पुढच्या क्षणी दुसरा हजर असतो आणि शरीर आपोआप दुरुस्ती करते. मैदानावर अठरा भोकांच्या खेळाला चार तासांच्या आसपास लागतात. दोन फटक्यांमध्ये चालणे, थांबणे आणि सहखेळाडूंची पाळी यांत कित्येक मिनिटे जातात. तोवर हातांतली लय विरून गेलेली असते आणि पुढचा फटका नव्या क्लबने, नव्या जागेवरून मारायचा असतो. चुकला तर तो पुन्हा मारता येत नाही.

सरावाचा मेळही अनेकदा चुकलेला असतो. बहुतेक हौशी खेळाडू सर्वांत लांब क्लब, म्हणजे 'ड्रायव्हर', घेऊन चेंडूंची टोपली रिकामी करतात. ७२ फटक्यांच्या प्रमाणित मैदानावर मात्र ड्रायव्हर वापरण्याची संधी साधारणपणे चौदाच वेळा येते. उलट, प्रत्येक भोकासाठी दोन याप्रमाणे ३६ फटके हिरवळीवर चेंडू हलकेच घरंगळविण्यासाठी, म्हणजे 'पटिंग'साठी, गृहीत धरलेले असतात. निम्मा खेळ जेथे होतो, तेथे निम्मा सराव क्वचितच होतो.

स्मरणशक्तीची लबाडी

याखेरीज एक साधे गणित आहे. समजा, एखादा खेळाडू पट्ट्यावर दहांपैकी सात फटके चांगले मारतो. त्याच्या मते तो उत्तम खेळतो, कारण बिघडलेले तीन फटके कोणी मोजत नाही आणि तो स्वतःही ते विसरतो. मैदानावर फटके एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. लागोपाठ दोन फटके चांगले बसण्याची शक्यता ४९ टक्के आणि लागोपाठ तीन चांगले बसण्याची शक्यता अवघी ३४ टक्के. म्हणजे कौशल्य तसूभरही न घटता, तीनपैकी दोन वेळा साखळी कोठेतरी तुटणारच. तुटली की गुणपत्रिकेवर त्याचा आकडा चढतो. सराव आपल्याला सर्वोत्तम फटक्यांवरून जोखतो, तर मैदान सर्वांत वाईट फटक्यांवरून. खेळाडू एकच असला, तरी तराजू दोन आहेत.

सोपा सराव, कच्चे शिक्षण

आता मूळ मुद्दा. पट्ट्यावरचा सराव केवळ वेगळा नसतो. तो शिकण्याच्या दृष्टीनेही पुष्कळदा फसवा असतो. अमेरिकेतील जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकविण्याचा प्रयोग केला. एका गटाने एक हालचाल पुरती घोटून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने तिन्ही हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सरावात पहिला गट सरस ठरला. मात्र काही वेळाने आणि पुन्हा दहा दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा दुसऱ्या गटाने बाजी मारली. १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर झालेल्या प्रयोगातही मिश्र क्रमाने शिकणारेच पुढे निघाले.

क्रिकेटप्रेमींना जवळचा वाटेल असा प्रयोग १९९४ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन बेसबॉलपटूंवर झाला. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्यांना तीन प्रकारचे ४५ जादा चेंडू टाकण्यात आले. एका गटाला एकाच प्रकारचे पंधरा चेंडू, मग दुसऱ्या प्रकारचे पंधरा, असे क्रमाने. दुसऱ्याला कोणता चेंडू येईल याचा पत्ताच नाही. क्रमवार सराव करणाऱ्यांची फलंदाजी सुमारे २५ टक्क्यांनी सुधारली, तर अनिश्चित चेंडू खेळणाऱ्यांची सुमारे ५७ टक्क्यांनी.

असे का व्हावे? एकच फटका पुन्हा पुन्हा मारताना मेंदू उत्तर नव्याने शोधत नाही. मघाचेच उत्तर चालवून घेतो. प्रत्येक वेळी काम बदलले तर त्याला उत्तर पुन्हा उभारावे लागते. हे उभारणे त्रासदायक असते आणि त्यात चुकाही अधिक होतात. पण मैदानावर नेमके हेच करावे लागते. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने म्हणूनच तत्क्षणी दिसणारी कामगिरी आणि टिकणारे शिक्षण यांत भेद केला. २००१ मध्ये त्यांच्या सहभागाने झालेल्या एका प्रयोगात आणखी एक बाब उघड झाली. क्रमवार सराव करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवसाच्या आपल्या कामगिरीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त बांधला होता. म्हणजे सोपा सराव शिक्षण कच्चे ठेवतो आणि वर आत्मविश्वास मात्र फुगवितो.

अर्थात, याला मर्यादाही आहेत. प्रयोगशाळेत ठळक दिसणारा हा फरक प्रत्यक्ष खेळात तुलनेने कमी आढळतो, असे नंतरच्या आढाव्यांतून दिसून आले आहे. अगदी नवशिक्याला सुरुवातीस एकच हालचाल घोटून घेणेच हिताचे. जोडाक्षरे न येणाऱ्या मुलाला निबंध लिहावयास सांगण्यात अर्थ नाही.

हातांच्या कामात मनाची लुडबूड

तरीही दडपण ही गोष्ट खोटी नाही. १९९६ च्या मास्टर्स स्पर्धेत ग्रेग नॉर्मन अखेरच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ७८ फटके खर्ची घालून निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. तो जगातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक होता. त्याचा सराव कमी पडला, असे कोण म्हणेल?

दडपणाखाली नेमके काय बिघडते, याचा छडा संशोधकांनी पटिंगच्याच साहाय्याने लावला. ब्रिटनमधील मास्टर्स नावाच्या संशोधकाने १९९२ मध्ये नवशिक्यांच्या एका गटाला लेखी सूचना देऊन पटिंग शिकविले. दुसऱ्या गटाला सूचना नव्हत्याच; उलट, सराव करताना तोंडाने अक्षरे उच्चारण्याचे काम देऊन त्यांचे विचार गुंतवून ठेवले. पुढे परीक्षण आणि पैसे यांचे दडपण आणले, तेव्हा सूचना घोकलेल्यांची प्रगती थांबली. दुसऱ्या गटाची सुरूच राहिली. निष्कर्ष असा की, अंगवळणी पडलेली हालचाल भीतीपोटी पुन्हा पायरीपायरीने तपासू लागले की ती विस्कटते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून पाहावा, म्हणजे याचा प्रत्यय येईल. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांच्या २००१ मधील प्रयोगांनी याला पुष्टी दिली आणि उपायही सुचविला. व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर सराव केलेले लोक पुढे दडपणाखाली ढासळले नाहीत. पाहिले जाण्याची सवय त्यांना सरावातच लागली होती.

नागपूरचा तिरंदाज

गोल्फमध्ये जागेचा फरक आणि मनाचा फरक एकत्र मिसळलेले असतात. ते वेगळे करून पाहायचे तर तिरंदाजीकडे वळावे. कंपाउंड प्रकारात लक्ष्य सरावातही ५० मीटरवर आणि अंतिम लढतीतही ५० मीटरवरच असते. धनुष्य तेच, बाणही तेच. उरते ते बहुतांशी दडपण. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे अंतिम फेरीत उतरला आणि त्याने पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारून १५० पैकी १५० गुण मिळविले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण होते १४९. एकही बाण रेसभर सरकला असता, तर निकाल हाती राहिला नसता. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये जगज्जेती झाली. दोघेही साताऱ्यात एकाच प्रशिक्षकाच्या, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झाले. सरावातली कामगिरी ऐन कसोटीत उतरविणे अशक्य नाही, याचा दाखला शोधण्यासाठी विदर्भाला दूर जावे लागत नाही.

मग सराव कसा करावा?

वरील संशोधनातून हौशी खेळाडूला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात. लागोपाठ दोन चेंडू एकाच क्लबने, एकाच लक्ष्याकडे मारू नयेत. पट्ट्यावर उभे राहून ओळखीचे मैदान डोळ्यांसमोर आणावे आणि पहिल्या भोकापासून क्रमाने, हव्या त्या क्लबने, एकेकच फटका मारीत जावे. प्रत्येक चेंडूनंतर चार पावले मागे यावे आणि नव्याने नेम धरावा. हिरवळीवर तीन-तीन चेंडू ओळीने न मारता एकच चेंडू घ्यावा आणि तो भोकात जाईपर्यंत खेळावा. सरावाचे गुण मांडावेत. शक्य तर कोणाच्या तरी देखत. हालचालीतील दुरुस्त्यांचा विचार पट्ट्यावर करावा. मैदानावर लक्ष केवळ लक्ष्यावर ठेवावे. आणि क्लब निवडताना आपल्या सर्वांत लांब गेलेल्या फटक्याचा नव्हे, तर नेहमी बसणाऱ्या फटक्याचा हिशेब धरावा.

जाळीतल्या फलंदाजाने गोलंदाज आणि चेंडूंचा क्रम बदलत ठेवावा आणि बाद झाल्यावर खरोखरच बाहेर यावे. विद्यार्थ्याने एका प्रकरणाची वीस गणिते ओळीने सोडविण्याऐवजी चार प्रकरणांची मिसळून सोडवावीत.

अशा सरावात चुका जास्त होतात. तो पाहणाऱ्याला अव्यवस्थित वाटतो आणि करणाऱ्याला खट्टू करतो. खरी अडचण येथेच आहे. शुल्क भरणाऱ्या पालकांना गुळगुळीत सराव दिसला की समाधान वाटते, त्यामुळे प्रशिक्षकही तोच दाखविण्याकडे झुकतात. पुढे सामन्यात मुलगा चुकला की त्याच्यावर 'भित्रा' असा शिक्का बसतो आणि काही मुले तो शिक्का खरा मानून खेळच सोडतात. रोरी मॅक्इलरॉय २०११ च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी असताना अखेरच्या दिवशी ८० फटक्यांवर कोसळला, तेव्हा २१ वर्षांचा होता. दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली आणि २०२५ मध्ये मास्टर्सही. एका दिवसाच्या अपयशावरून माणसाचा स्वभाव ठरवू नये. त्याआधी त्याने सराव कसा केला होता, एवढे तरी विचारावे.