चाल कोणाची, गाणे कोणाचे?

जुन्या संगीत नाटकांच्या पद्यावल्या ज्यांच्या घरी अद्याप शिल्लक असतील, त्यांनी त्या एकदा उघडून पदांच्या माथ्यावर बारीक टाइपात छापलेली ओळ अवश्य पाहावी. राग आणि ताल यांच्या शेजारी 'चाल' असा शब्द असतो आणि त्यापुढे, ज्या मूळ गीतावरून ती चाल घेतली त्याचे पहिले शब्द दिलेले असतात. हे शब्द पुष्कळदा मराठी नसतात. कधी ती ब्रजभाषेतील ठुमरी असते, कधी कानडी पद, कधी गुजराती गरबी, तर कधी पारशी रंगभूमीवरचे उर्दू गाणे. आमच्या आजोबांच्या पिढीने ही पुस्तके पोथ्यांच्या बरोबरीने जपली. त्यांतील पदे घरोघर पाठ झाली. माथ्यावरची ओळ मात्र आम्ही कधी लक्षपूर्वक वाचली नव्हती.

ती वाचण्याचे निमित्त फारसे सुखद नव्हते. आमच्या वडोदऱ्यातील मंडळाच्या एका वार्षिक कार्यक्रमात चार-पाच तरुणांनी गिटार आणि कीबोर्ड यांच्या साथीवर एक नाट्यपद सादर केले. मध्येच कव्वालीच्या ढंगाची सरगमही घातली. गाणे संपण्यापूर्वीच पुढच्या रांगेतून आवाज आला, "हे आपले गाणे नव्हे!" मुले गप्प झाली, वाद्ये आवरून निघून गेली आणि पुढच्या बैठकीस आली नाहीत. आम्हीही त्या पुढच्या रांगेतच बसलो होतो, आणि खरे सांगायचे तर मनातून त्या उद्गाराशी सहमत होतो. 'आपले गाणे' म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न घरी आल्यावर पडला. त्याचा शोध घेण्याचा हा एक प्रयत्न.

मराठी नाटकाचा आरंभच मुळी शेजाऱ्याकडे पाहून झाला. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे काही मराठीत करण्यास विष्णुदास भावे यांना सांगितले आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांनी संगीत नाटकाची खरी घडी बसवली. अण्णासाहेब हे आजच्या बेळगावी जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कानडी पदे त्यांच्या कानांवर लहानपणापासूनच पडलेली. पुण्यात पारशी मंडळीचा संगीत खेळ पाहून मराठीतही असे नाटक करावे, ही ईर्ष्या त्यांच्या मनात उत्पन्न झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक पुण्यात झाले. पूर्ण नाटकातील पदांची संख्या दोनशेच्या आसपास आहे. त्यांत कीर्तनातील साकी-दिंडी आहे, ओवी आहे, लावणीचे वळण आहे, कर्नाटकी चाली आहेत. कथा कालिदासाची, प्रेरणा पारशी खेळाची, चाली दहा ठिकाणच्या. आणि तरीही ते नाटक महाराष्ट्राने पहिल्या दिवसापासून आपले मानले.

दोन वर्षांनी, १८८२ साली, 'सौभद्र' आले. त्यातील सुभद्रेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) हे आमच्या वडोदऱ्याचे. त्यांच्या गळ्याची कीर्ती ऐकूनच त्यांना मंडळीत आणण्यात आले. मूळ गुर्लहोसूरचा नाटककार आणि वडोदऱ्याचा गायकनट. म्हणजे ज्या कलेला आपण अस्सल पुणेरी समजतो, तिचे दोन प्रमुख आधार बृहन्महाराष्ट्रातून आले होते.

यानंतर प्रत्येक पिढीत एक नवे मिश्रण झाले आणि त्यावर जुन्या पिढीने नाके मुरडली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या 'वीरतनय' (१८९६) या नाटकाने पारशी आणि गुजराती रंगभूमीच्या चटकदार चाली आणल्या. किर्लोस्करी वळणाच्या रसिकांना त्या उडत्या वाटल्या. १९११ साली 'मानापमान' आले. गोविंदराव टेंबे यांनी त्याला दिलेल्या चालींवर पूरबकडील ठुमरी, कजरी, होरी यांची दाट छाया होती. साकी-दिंडीवर पोसलेल्या कानांना तोही धक्काच होता. लगेच १९१६ साली 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांत उतरवल्या. भास्करबुवांचा जन्म बडोदे संस्थानातील कठोर गावचा. त्यांच्या गुरूंत फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ ही मोठी नावे. अशा रीतीने आग्रा आणि जयपूर या घराण्यांची गायकी बालगंधर्वांच्या मुखाने मराठी माजघरांत पोहोचली.

या ख्यालगायकीचा महाराष्ट्रातील प्रवेशही आमच्यासारख्याच स्थलांतरितांच्या पायवाटेने झाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची विद्या घेऊन दक्षिणेत परतले. रामकृष्णबुवा वझे यांनीही ग्वाल्हेरीस निसार हुसेन खाँ यांची सेवा करून गाणे मिळवले आणि पुढे बलवंत संगीत मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या. त्या मंडळीचे आधारस्तंभ दीनानाथ मंगेशकर गोव्यातील मंगेशीचे. शिंद्यांचे ग्वाल्हेर, गायकवाडांचे बडोदे, पोर्तुगीज अमलाखालील गोवा आणि कानडी मुलखाला लागलेले बेळगाव यांच्यावाचून नाट्यसंगीताचा इतिहास लिहिताच येणार नाही.

वाद्यांची कथा याहून निराळी नाही. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन होता, कादरबक्षांची सारंगी होती, अहमदजान थिरकवा खाँसाहेबांचा तबला होता. बाजाची पेटी तर युरोपातून आलेली. ती हिंदी संगीतास परकी आहे, या कारणास्तव १९४० साली नभोवाणीवर तिच्यावर बंदी घातली गेली आणि १९७१ पर्यंत ती पूर्णपणे टिकली. आज त्याच पेटीविना नाट्यपदाची कल्पना आम्हांस करवत नाही. ज्या मुलांच्या हातातील कीबोर्ड पाहून आम्ही अस्वस्थ झालो, त्यांना याचे उत्तर काय द्यावे?

सरमिसळ ही नेहमीच हितकारक ठरली, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. ख्याल नाटकात आला तेव्हा त्याने नाटकाला वैभव दिले आणि हळूहळू नाटकच गिळले. एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळत राही, प्रयोग पहाटेपर्यंत लांबत, कथानक खोळंबून उभे असे. सुभद्रा किंवा रुक्मिणी काय म्हणते याकडे लक्ष न देता लोक तानांची मोजदाद करू लागले. १९३१ पासून बोलपट आले आणि लांबलेले नाटक त्यांच्यापुढे टिकेना. मिश्रणात एक घटक दुसऱ्याचे काम करू लागला की तोल जातो, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

तोल सावरणारेही त्याच काळात पुढे आले. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात केशवराव भोळे यांनी मोजकीच पदे ठेवली आणि ती भावगीताच्या अंगाने बांधली. प्रभातच्या 'कुंकू' (१९३७) या बोलपटात त्यांनी शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली. ती परकी वाटली नाही, कारण त्या पात्राच्या मनाला त्या क्षणी तिची गरज होती. पुढे मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांत रागदारी, भावगीताचा आटोपशीरपणा आणि प्रसंगाचे भान यांची सांगड घातली. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ नंतर देवासला स्थायिक झाले, माळव्याच्या लोकगीतांत रमले, आणि 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रमही त्यांनीच केला. एका गळ्यात कानडी जन्मभूमी, माळवी माती आणि मराठी नाट्यपद सुखाने नांदत होते.

देवाणही होती, केवळ घेवाण नव्हे. तंजावरच्या मराठी कीर्तनातून साकी-दिंडी तेथील हरिकथेत रुजली. उत्तर कर्नाटकातील कानडी नाटक मंडळ्यांनी आमच्या नाट्यपदांच्या चाली उचलल्या. आणि 'कट्यार'चा २०१५ साली चित्रपट झाला, तेव्हा त्यात पंडित भानुशंकरांची भूमिका करून गाणारे शंकर महादेवन हे तमिळ घरातले. त्यांनी ज्यांच्याकडे शिक्षण घेतले ते श्रीनिवास खळे (१९२६–२०११) वडोदऱ्यात वाढलेले. वाट फिरून पुन्हा आमच्याच दारावरून गेली.

मग या सर्व उलथापालथीत 'आपले' म्हणून काय टिकले? चाल टिकली नाही, ताल टिकला नाही, वाद्ये तर पार बदलली. टिकला तो शब्द. कजरीची चाल आली, पण तीवर बसवलेले बोल मराठी नायिकेच्या मनातले होते. बालगंधर्वांचे थोरपण जाणकारांनी तानेत जेवढे पाहिले, तेवढेच त्यांच्या शब्दोच्चारात आणि त्या शब्दातील भाव जागा ठेवण्यात पाहिले. परक्या चालीला मराठी करणारी किमया शब्दाचीच होती.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. त्या कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी आम्ही गाणाऱ्या मुलाच्या घरी गेलो. तो मनाने चांगला आहे. थोडा संकोचला, पण बोलला. त्याने ज्या कागदावरून पद म्हटले होते, तो कागदही दाखवला. पद गुजराती लिपीत लिहिलेले होते. त्याला मराठी बोलता येते, देवनागरी हिंदीपुरती वाचता येते, पण हाताला वळण गुजराती लिपीचे. दोन शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता आणि एक शब्द त्याने चुकीचा ऐकून तसाच पाठ केला होता. त्या संध्याकाळी सभागृहात गिटार सर्वांना खटकली. चुकलेला शब्द आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही.

आम्ही त्याच्यापुढे जुनी पद्यावली उघडली. माथ्यावरची ओळ वाचून तो हसला आणि म्हणाला, "काका, म्हणजे तुम्हीपण रीमिक्सच ऐकत होता!" यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून ते पद देवनागरीत उतरवले, प्रत्येक शब्दाचा अर्थ लावला, पद कोणत्या प्रसंगी कोण कोणास म्हणते तेही पाहिले. पुढच्या वर्षी ही मुले पुन्हा गाणार आहेत. मंडळाच्या बैठकीत आम्ही एवढीच सूचना मांडली आहे की, गाण्यापूर्वी पदाचे शब्द स्वच्छ वाचून दाखवावेत आणि प्रसंग सांगावा. पुढे साथ ऑर्गनची असो वा गिटारची. सूचनेवर अद्याप मतभेद आहेत. ते असावेतही. केवळ पुढच्या रांगेत बसून कोणी मुलांचे गाणे मध्येच तोडू नये, एवढी विनंती आहे.